स्मृती पुरस्कार उभारताना: नशेत गाडी चालवण्याविरुद्ध काम करणाऱ्या विद्यार्थी गटांसाठी पुरस्कार आणि शिष्यवृत्ती

नशेत चालवलेल्या गाडीमुळे एखादा तरुण जीव गेला की घरच्यांच्या, वर्गमित्रांच्या, शिक्षकांच्या मनात लवकरच एक विचार येतो: त्याच्या नावाने काहीतरी सुरू करू. हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा पुरस्कार किंवा शिष्यवृत्ती असतं. पहिल्या काही महिन्यांत पैसे जमतात, कारण तेव्हा प्रत्येकाला द्यायचं असतं. नियम मात्र घाईत लिहिले जातात किंवा लिहिलेच जात नाहीत. मग तीन-चार वर्षांनी उरतं ते एक सन्मानचिन्ह, एक धनादेश आणि छान भाषण करणारा एक विद्यार्थी. ज्या गटाच्या कामासाठी हा सगळा खटाटोप होता, तो केव्हाच विस्कटलेला असतो.

विद्यार्थी गटाचं आयुष्य मुळातच लहान असतं. गट चालवणारी दोन-तीन मुलं शेवटच्या वर्षाला पोचतात, परीक्षा देतात, निघून जातात. नव्यांकडे ना याद्या असतात, ना पासवर्ड, ना संस्थेतल्या कुणाशी ओळख. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की स्मृती पुरस्काराचे पैसे या फटीत पडले पाहिजेत. जुनी मुलं जातात आणि नवी येतात त्या मधल्या काळात गट जिवंत राहिला, तर पुरस्काराने काम केलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

शोकातून उभं राहिलेलं काम टिकतं, याचे दाखले आहेत. अमेरिकेत १९८० साली कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर ही १३ वर्षांची मुलगी मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून गेली. तो चालक अशा गुन्ह्यात आधीही दोषी ठरलेला होता. तिची आई कँडेस लाइटनर यांनी त्याच वर्षी ‘मॅड’, म्हणजे मद्यधुंद चालकांविरुद्धच्या मातांची संघटना, उभी केली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड इथल्या शाळेत रॉबर्ट अनास्तास यांनी विद्यार्थ्यांना घेऊन ‘सॅड’, म्हणजे मद्यधुंद होऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या विद्यार्थ्यांची संघटना, सुरू केली. महाविद्यालयीन पातळीवर ‘बॅकस’ हा गट तर १९७५ पासूनच फ्लोरिडा विद्यापीठात काम करत होता. या तिन्हींमधून पुढे गावोगावच्या शाखा, पुरस्कार आणि शिष्यवृत्त्यांची मोठी परंपरा तयार झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्याकडून शिकावं आणि तिच्या चुकाही बघाव्यात.

पहिली पायरी: गटाला द्यायचं की व्यक्तीला

पुरस्कार आणि शिष्यवृत्ती हे शब्द एका दमात उच्चारले जातात, पण त्यांचे परिणाम वेगळे होतात. शिष्यवृत्ती व्यक्तीला मिळते. ती तिच्या शुल्कात जाते आणि ती व्यक्ती पदवी घेऊन निघून जाते. पुरस्कार गटाच्या खात्यात जाऊ शकतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडतो. पैसे थोडे असतील तर गटालाच द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही करायचंच असेल तर मोठा वाटा गटाला द्या. शिष्यवृत्ती ठेवलीच तर ती गटाची सूत्रं नव्याने हाती घेणाऱ्याला द्या, ती सोडून जाणाऱ्याला नको. हा साधा बदल आहे, पण त्याने शिष्यवृत्तीसुद्धा गटाच्या कामाला जोडली जाते.

शिष्यवृत्तीत एक छुपा खड्डा आहे. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही संस्था स्वतः देत असलेली मदत तेवढ्याच रकमेने कमी करतात. म्हणजे तुमचे पैसे विद्यार्थ्यापर्यंत न जाता संस्थेच्या तिजोरीत जिरतात. अमेरिकेत यावर बरीच ओरड झाल्यावर २०१७ मध्ये मेरीलँड राज्याने सार्वजनिक महाविद्यालयांपुरता याला कायद्याने आळा घातला. तसा कायदा करणारं ते पहिलं राज्य. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते संस्थेच्या आर्थिक मदत विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘नाही नाही, असं काही होत नाही’ यावर थांबू नका.

दुसरी पायरी: नाव

नाव देण्याआधी सगळ्या जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घ्या. मित्रमंडळींनी उत्साहात नाव जाहीर करायचं आणि आईवडिलांना ते वर्तमानपत्रात वाचायला मिळायचं, असं घडता कामा नये. घरात मतभेद असतील तर थांबा. सहा महिने उशिरा सुरू झालेला पुरस्कार कुणाला खटकत नाही.

खटला चालू असेल तर जाहिरातीचा मजकूर वकिलाला दाखवा. आरोपीचं नाव घालू नका, ‘मद्यपी खुन्याने घेतलेला बळी’ अशी वाक्यं घालू नका. निकाल लागेपर्यंत ‘रस्त्यावरील धडकेत निधन’ एवढं पुरतं. राग खरा असतो, पण नियमावलीत तो उतरला तर उद्या त्याचाच वापर खटल्यात तुमच्याविरुद्ध होऊ शकतो.

आता ज्यावर फारसं कुणी बोलत नाही तो प्रश्न. गेलेली व्यक्तीच नशेत गाडी चालवत असेल तर? असंही घडतं, आणि तिच्या घरचे लोकही तितकेच उद्ध्वस्त असतात. त्याच धडकेत दुसरं कुणी जखमी झालं असेल किंवा गेलं असेल, तर तिच्या एकटीच्या नावाचा पुरस्कार त्या दुसऱ्या घराच्या जखमेवर मीठ चोळतो. अशा वेळी तीन मार्ग दिसतात. पुरस्कार नावाशिवाय ठेवायचा. दोन्ही कुटुंबं तयार असतील तर दोन्ही नावं द्यायची. किंवा नाव द्यायचं आणि माहितीपत्रात काय घडलं ते न लपवता लिहायचं. तिसरा मार्ग सर्वांत कठीण, पण मुलांवर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होतो असं मला वाटतं, कारण ‘असं करणारे लोक वेगळे असतात’ हा त्यांचा समज त्यातून मोडतो. मात्र दुसऱ्या कुटुंबाचा ‘नको’ आला तर तो विषय तिथेच संपवा.

तिसरी पायरी: मुद्दल किती, वर्षं किती

कायमस्वरूपी पुरस्कार म्हणजे मुद्दल शाबूत ठेवून फक्त उत्पन्नातून दिलेला पुरस्कार. अमेरिकी विद्यापीठांचे असे निधी साधारणपणे दरवर्षी निधीच्या ४ ते ५ टक्के रक्कम खर्च करतात, म्हणजे महागाईने मुद्दल झिजत नाही. ४ टक्के धरले तर वर्षाला जेवढा पुरस्कार द्यायचा त्याच्या २५ पट मुद्दल लागतं. १ लाखाचा पुरस्कार हवा तर २५ लाख. ‘बँकेत यापेक्षा जास्त व्याज मिळतं की’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. मिळतं, पण सगळं व्याज वाटून टाकलं तर पंधरा वर्षांनी पुरस्काराची रक्कम आकड्याने तेवढीच आणि मोलाने निम्मी उरते.

एवढं मुद्दल नसेल तर ठरावीक मुदतीचा पुरस्कार करा. दहा वर्षं, मग बंद. त्यात कमीपणा काही नाही. उलट दहा वर्षं दरवर्षी घसघशीत रक्कम देणं हे पन्नास वर्षं चिल्लर देण्यापेक्षा गटांच्या जास्त कामाचं असतं. शिवाय निधी सांभाळणारी माणसंही दहा वर्षं उत्साही राहू शकतात. पन्नास वर्षांची हमी कोण देणार?

पैसे कोणाकडून घ्यायचे हेही आधीच ठरवा. मद्य बनवणाऱ्या कंपन्या ‘जबाबदारीने प्या’ या धर्तीच्या उपक्रमांना पैसे द्यायला तयार असतात, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थी संघटनांमध्ये यावरून वाद झालेले आहेत. मी असे पैसे घेणार नाही. त्यांची अट कागदावर नसते. पण दोन वर्षांनी भित्तिपत्रकातून दारूची उपलब्धता, जाहिराती, स्वस्तातली विक्री हे विषय आपोआप गळून पडतात आणि सगळा भार पिणाऱ्यावर टाकणारी वाक्यं तेवढी उरतात.

चौथी पायरी: निधी ठेवायचा कुठे

घर तीन असतात: शिक्षणसंस्था स्वतः, एखादा प्रस्थापित सार्वजनिक न्यास, किंवा नवा स्वतंत्र न्यास. नवा न्यास काढू नका, असंच मी बहुतेकांना सांगेन. नोंदणी, लेखापरीक्षण, दरवर्षीची विवरणपत्रं, विश्वस्तांच्या बैठका यात दुःखातल्या माणसांची उमेद संपते. संस्थेकडे निधी दिला तर सोय होते, पण पुरस्कार त्या एकाच संस्थेपुरता राहतो आणि प्रशासन बदललं की अटी हळूहळू सैल होतात. अनेक संस्थांमधल्या गटांना पुरस्कार द्यायचा असेल तर प्रस्थापित न्यासात तुमच्या नावाचा वेगळा निधी ठेवणं बरं.

कर-सवलतीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, पण एक तत्त्व बहुतेक ठिकाणी सापडतं: सवलत हवी असेल तर दात्याने लाभार्थी स्वतः निवडायचा नाही. अमेरिकेत २००६ च्या कायद्यापासून दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधीतून (पैसे न्यासाचे होतात, ते कुठे द्यायचे हे दाता फक्त सुचवतो) थेट व्यक्तीला पैसे देता येत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी वेगळी सल्लागार समिती नेमता येते, पण तिच्यावर दात्याचं किंवा त्याच्या नातेवाइकांचं नियंत्रण चालत नाही. कायदा तसा नसला तरी हा नियम आपण होऊन पाळावा.

करारपत्रात या गोष्टी हव्यातच: निधीचं नाव, उद्देश एका वाक्यात, दरवर्षी किती टक्के खर्च, व्यवस्थापन शुल्क किती, अटी बदलण्याचा अधिकार कुणाला, अर्ज न आल्यास रकमेचं काय, आणि निधी कधी व कसा संपवायचा.

पाचवी पायरी: कोणत्या कामाला पुरस्कार द्यायचा

बाकी कागदपत्रं वकील आणि हिशेबनीस करून देतील. इथे मात्र तुम्हालाच डोकं चालवावं लागेल, कारण पुरस्कार ज्याला मिळतो त्याची नक्कल पुढच्या वर्षी सगळे गट करतात.

सर्वांत दिसणारा कार्यक्रम म्हणजे खोटा अपघात. चुराडा झालेली गाडी मैदानात आणायची, मुलांना लाल रंग फासायचा, रुग्णवाहिका बोलवायची. मुलं रडतात, छायाचित्रं छान येतात. पण त्या रात्री घरी कसं जायचं हा प्रश्न त्याने सुटत नाही. भीतीचा परिणाम ओसरतो आणि गाडीची किल्ली खिशातच असते. अशा कार्यक्रमाला शून्य गुण द्या असं मी म्हणत नाही. तेवढ्यावरच पुरस्कार मात्र देऊ नका.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या उपायांची छाननी करणाऱ्या एका तज्ज्ञ गटाने २००५ च्या सुमारास शाळांमधल्या उपक्रमांचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. वर्गात नीट शिकवलेल्या कार्यक्रमांमुळे प्यायलेल्या चालकाच्या गाडीत बसणं कमी होतं, याला पुरेसा आधार सापडला. विद्यार्थी संघटना आणि ‘इतर मुलं वाटतात तेवढी पीत नाहीत’ असं सांगणाऱ्या मोहिमा यांच्याबद्दल मात्र ठामपणे काही म्हणण्याइतका पुरावा नव्हता. हे वाचून नाउमेद व्हायचं कारण नाही. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं या वेगळ्या गोष्टी. पण यावरून पुरस्कारासाठी एक कसोटी मिळते: स्वतःच्या कामाचं मोजमाप करणाऱ्या गटाला झुकतं माप द्या, कारण पुरावा तयार करणारे गटच कमी आहेत.

छाननीत आणखी एक मोलाची गोष्ट दडली आहे. मुलांचं सगळं लक्ष चालकावर असतं, पण बदल आधी दिसला तो शेजारी बसणाऱ्यांत. प्यायलेल्या मित्राच्या गाडीत न बसणं, त्याच्याकडून किल्ली घेणं, घरी फोन करणं, हे शिकवता येतं, त्याचा सराव करता येतो. सॅडने सुरुवातीच्या काळात पालक आणि मुलांमध्ये एक लेखी करार प्रचारात आणला. मूल अडचणीत असेल तर कुठूनही फोन करेल आणि पालक त्या वेळी काही न विचारता त्याला घ्यायला येतील किंवा येण्याची सोय करतील, असा त्याचा गाभा होता. त्यावर टीकाही झाली की कायदेशीर वय न झालेल्यांना यातून पिण्याची मूक परवानगी मिळते. अमेरिकेत १९८४ नंतर मद्य विकत घेण्याचं किमान वय सगळीकडे २१ झालं, तेव्हा ही टीका आणखी टोकदार झाली. तुमच्या नियमावलीतही हा पेच येणार. माझं मत असं की पिण्याला प्रोत्साहन देणारा मजकूर नको, पण सुटकेचा फोन नंबर मात्र हवाच. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

न पिणारा ठरलेला चालक ही कल्पना हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले जे विन्स्टन यांनी १९८८ पासून दूरचित्रवाणी मालिकांच्या पटकथांमधून अमेरिकेत घरोघरी पोचवली. कल्पना चांगली, पण अंमल घसरतो. फ्लोरिडात संशोधकांनी रात्री मद्यालयांमधून बाहेर पडणाऱ्यांच्या श्वासाची तपासणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ठरलेल्या चालकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण प्यायलेले निघाले आणि १८ टक्क्यांच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होतं. म्हणजे ‘सगळ्यांत कमी प्यायलेला तो चालक’ अशी व्याख्या झाली होती. एखाद्या गटाच्या अर्जात ठरलेल्या चालकाची मोहीम असेल तर विचारा: तो अजिबात पीत नाही, याची खात्री तुम्ही कशी करता?

अर्जातली आरोग्यविषयक माहिती बरोबर आहे का, तेही बघा. निरोगी प्रौढ शरीर रक्तातलं मद्याचं प्रमाण दर तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमनेच खाली आणतं. माणसागणिक थोडा फरक पडतो. कॉफी, थंड पाणी, उलटी, चालणं यांनी हा वेग वाढत नाही. मध्यरात्री एक वाजता १२० मिलिग्रॅम असेल तर सकाळी सातला अजून ३० उरतात. गाडी चालवण्यासाठी स्वीडनची मर्यादा २० आहे, भारताची ३०, स्कॉटलंडची २०१४ पासून ५०, इंग्लंडची ८०. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८०, तर युटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून ५०. सकाळच्या परीक्षेला, सामन्याला गाडी घेऊन जाणारा विद्यार्थी स्वतःला ठणठणीत समजत असतो. या ‘दुसऱ्या सकाळी’वर काम करणारा गट मला अजून क्वचितच दिसतो. दिसला तर त्याला जरूर उचलून धरा.

नशा म्हणजे फक्त दारू नाही, हेही नियमावलीत स्पष्ट लिहा. गांजा, गुंगी आणणारी औषधं, झोपेचा अभाव हे सगळं चालकाला निकामी करतं. सॅडने १९९७ मध्ये आपल्या नावाचा अर्थच बदलून तो घातक निर्णयांपर्यंत रुंदावला. पुरस्काराची व्याप्ती मात्र इतकी रुंद करू नका की हेल्मेटपासून मोबाइलपर्यंत सगळंच त्यात मावेल. मग परीक्षकांना कशाची कशाशी तुलना करावी तेच कळत नाही.

सहावी पायरी: अर्ज

तीन पानांपेक्षा मोठा अर्ज मागू नका. ध्वनिचित्रफीत मागू नका. ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आणि संकलन येणारा मित्र आहे ते जिंकतात. दुःखद अनुभवावरचा निबंध तर मुळीच मागू नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आपल्या जखमा विकून दाखवायला लावण्याइतकं वाईट काही नाही. ज्यांच्या घरात असं काही घडलेलं नाही त्यांना मग नाटक करावं लागतं, ते वेगळंच.

विचारायचे प्रश्न साधे ठेवा. तुमच्या परिसरात नशेत गाडी कधी, कुठे, कोणत्या वेळी चालवली जाते आणि हे तुम्हाला कसं कळलं? गेल्या बारा महिन्यांत तुम्ही नेमकं काय केलं? काय फसलं? काय मोजलं? गटात पहिल्या वर्षाची किती मुलं आहेत? पुढच्या वर्षी काम कोण बघणार? मिळणारे पैसे कशावर खर्च कराल? ‘काय फसलं’ याचं सरळ उत्तर देणारा गट बहुधा खरं काम करत असतो.

अंतिम मुदत परीक्षांच्या तोंडावर ठेवू नका. वर्षाच्या सुरुवातीला घोषणा, मधल्या काळात अर्ज, आणि नवे पदाधिकारी ठरण्याआधी निकाल, हा क्रम सोयीचा.

सातवी पायरी: निवड समिती

पाच जण पुरेत. मोजमाप समजणारी एक व्यक्ती, रस्तासुरक्षेत किंवा आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम केलेली एक, शिक्षक एक, अलीकडे पदवी घेतलेला एखादा माजी विद्यार्थी आणि कुटुंबाचा एक प्रतिनिधी. कुटुंबाला मत असावं, नकाराधिकार नसावा. ज्याचा अर्जदार गटाशी संबंध आहे त्याने तो अर्ज वाचायचा नाही आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर बसायचं.

१०० गुण असे वाटता येतील: प्रत्यक्ष काम ३०, मोजमाप २५, पुढची फळी २५, समस्येची जाण १०, अंदाजपत्रक १०. सादरीकरणाला मी गुण ठेवलेले नाहीत, आणि ते मुद्दाम. प्रत्येक अर्ज निदान दोघांनी वाचावा, संस्थेचं नाव झाकून. गुण बैठकीआधी लेखी द्यावेत. बैठकीत आधी बोलणाऱ्या वजनदार माणसाच्या मताकडे बाकीचे झुकतात, हे टाळायला दुसरा उपाय नाही. दोघांच्या गुणांत २० हून जास्त तफावत असेल तर तिसऱ्याने वाचावं.

मोजमापाच्या रकान्यात काय बघायचं? ‘आम्ही पाच जीव वाचवले’ असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हा. एका शिक्षणसंस्थेच्या परिसरात मृत्यू इतके थोडे असतात की एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही; कमी झाले तरी नाही आणि वाढले तरी नाही. गटाला मोजता येतात त्या गोष्टी वेगळ्या: रात्रीच्या सुरक्षित प्रवासात किती जण घरी पोचले, किती रात्री सेवा चालू होती, किती फोन उचलले गेले नाहीत. आणि निनावी पाहणीत दोन प्रश्न: गेल्या ३० दिवसांत तुम्ही नशेत गाडी चालवलीत का, आणि नशेतल्या माणसाच्या गाडीत बसलात का. पाहणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत व्हायला हवी. उत्सवाच्या महिन्यातली पाहणी परीक्षेच्या महिन्यातल्या पाहणीशी ताडून ‘घट झाली’ म्हणणारे अर्ज येतात.

आठवी पायरी: रक्कम दोन हप्त्यांत

पुरस्कार जाहीर होताच ६० टक्के द्या. उरलेले ४० टक्के पुढच्या वर्षी, नव्या पदाधिकाऱ्यांच्या हाती, हस्तांतराचा पुरावा मिळाल्यावर. पुरावा म्हणजे जाडजूड अहवाल नको. दोन पानं: नव्या जबाबदार मुलांची नावं, बँक खात्यावर बदललेल्या सह्या, संपर्कांची यादी, वर्षाचं वेळापत्रक, पाहणीच्या कच्च्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत, आणि जुन्यांनी नव्यांसाठी लिहिलेली एक टिपणी. काही गट दुसरा हप्ता मागायलाच येणार नाहीत. तेव्हा त्यांना एक फोन करा. बहुधा गट मोडलेला नसतो, फक्त कुणाला माहीत नसतं की असा हप्ता आहे.

दुसऱ्या हप्त्यातली थोडी रक्कम जुन्या-नव्यांच्या एका एकत्र दिवसासाठी राखून ठेवायला सांगा. यावर कुरकुर होते की हे पैसे ‘खऱ्या कामा’ला जात नाहीत. जातात.

नववी पायरी: समारंभ

रस्त्यावरील बळींचा जागतिक स्मरणदिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये त्याला मान्यता दिली. पुरस्कार त्याच दिवशी द्यावा असं अनेकांना सुचतं. मला ते पटत नाही. तो दिवस गेलेल्यांचा आहे, टाळ्यांचा नाही. पुरस्कार दुसऱ्या कुठल्याही साध्या दिवशी द्या आणि स्मरणदिनी फक्त जमा.

कुटुंबातल्या कुणी दरवर्षी व्यासपीठावर त्या रात्रीची कहाणी सांगावी अशी अपेक्षा हळूहळू तयार होते. ती मोडून काढा. नियमावलीतच लिहा की कुटुंबाने बोलणं, येणं, छायाचित्र देणं हे सर्वस्वी ऐच्छिक आहे. पहिल्या वर्षी बोलायची इच्छा असते, सातव्या वर्षी नसते, आणि नाही म्हणायला संकोच वाटतो.

अर्ज करणाऱ्या गटांना थोडं

असा पुरस्कार मिळवू पाहणाऱ्या मुलांनो, अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री माहिती गोळा करू नका. वर्षभर एक वही किंवा तक्ता ठेवा: तारीख, काय केलं, किती जण आले, खर्च किती. परीक्षकांना विशेषणांचा कंटाळा येतो, तक्त्याचा येत नाही. स्मृती पुरस्कार ज्या व्यक्तीच्या नावाचा आहे तिच्याबद्दल अर्जात एक-दोन वाक्यं पुरेत. तिला ओळखत नसताना ‘आमची प्रेरणा’ म्हणू नका. गेल्या वर्षी नकार आला असेल तर समितीला गुणपत्रक मागा. बहुतेक समित्या ते आनंदाने देतात, मागणारे कमी. आणि गटातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाकडून अर्जाचा एक भाग लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्यालाच तो पूर्ण लिहायचा आहे.

दहावी पायरी: बदल आणि शेवट

दर तीन वर्षांनी नियम पुन्हा वाचा. जिंकलेल्या गटांपैकी किती अजून चालू आहेत, एवढा एकच आकडा समोर ठेवून. निम्मेही नसतील तर गुणांची वाटणी बदला. लायक अर्ज न आल्यास पुरस्कार देऊ नका आणि रक्कम पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या हप्त्यात मिळवा. ‘कुणाला तरी द्यायचाच’ ही सवय पुरस्काराची पत घालवते. मुदत संपताना उरलेली रक्कम कोणत्या संस्थेकडे जाईल ते करारात नाव घालून लिहा, आणि ती संस्थाच बंद झाली असेल तर दुसरी कोणती, तेही. शेवटच्या वर्षाची घोषणा दोन वर्षं आधी करा, म्हणजे या पैशावर अंदाजपत्रक बांधणाऱ्या गटांना दुसरी सोय करायला वेळ मिळेल.